डोळ्यातलं इंजेक्शन आणि आपण

बायांनो, साखरेमुळं डोळ्याच्या पडद्याला सूज आली की डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देतात. भुलीचे थेंब घालतात, त्यामुळं फार दुखत नाही. भीती असते जंतूंची. ते बहुतेक आपल्याच पापण्यांवरचे, नाहीतर बोलताना तोंडातून उडालेले. म्हणून आधी पोव्हिडोन आयोडिनचे तपकिरी थेंब घालतात. चुरचुरतं, पण नको म्हणू नका. काजळ घालून जाऊ नका, अन् सुई देताना गप्प राहा. (आपल्याला अवघडच ते!)

माझ्या सासूबाईंनी घरी येऊन पदरानं डोळा पुसला. तिसऱ्या दिवशी ठणका लागला, नजर धूसर झाली. "उद्या बघू," म्हणाल्या. मी ऐकलं नाही, तडक दवाखान्यात नेलं. नजर वाचली. ठणका, वाढती लाली, कमी दिसणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी निघा, मजुरी बुडाली तरी.