‘डँप’ : एका इंग्रजी शब्दाची कुळकथा

पावसाळ्यांत भिंतीला ओल येते, कपडे नीट वाळत नाहींत, कपाटांतील पुस्तकांना कुबट वास सुटतो. या साऱ्यासाठीं इंग्रजींत ‘डँप’ हा सुटसुटीत शब्द आहे. बहुतेक श्रोत्यांनीं शाळेंत त्याचा अर्थ ‘ओलसर’ किंवा ‘दमट’ असा पाठ केलेला असेल, आणि तो चुकीचाहि नाहीं. परंतु ओलेपणाच्या छटा दाखविणारे शब्द इंग्रजींत पुष्कळ असून प्रत्येकाची जागा बहुतेक ठरलेली आहे. चिंब भिजलेला कपडा ‘वेट’. अर्धवट वाळलेला ‘डँप’. हवेंत बाष्प असून उकडत असेल तर ती ‘ह्युमिड’. ओलीबरोबर गारठा असेल तर ‘डँप’. चांगला केक ‘मॉइस्ट’ असतो. त्यालाच ‘डँप’ म्हटलें तर करणारीचा अपमान होईल. ‘मॉइस्ट’मध्यें हवासा ओलावा आहे, ‘डँप’मध्यें बहुधा नकोशी ओल.

या शब्दाचें कूळ पाहिलें तर मात्र त्यांत आरंभीं ओलीचा अर्थच नव्हता असें आढळतें. त्याचा भाऊबंद असलेल्या जर्मन ‘डाम्फ’ शब्दाचा अर्थ वाफ असा आहे. चौदाव्या शतकांत इंग्रजींत ‘डँप’ अवतरला तो विषारी वाफ या अर्थानें. ओल हा अर्थ त्याला अठराव्या शतकाच्या सुमारास चिकटला आणि पुढें तोच रूढ झाला.

जुना अर्थ नाहींसा झाला नाहीं; तो कोळशाच्या खाणींत टिकून राहिला. ब्रिटनमधील खाणकामगारांच्या बोलींत ‘फायरडँप’ म्हणजे पेट घेणारा वायु, मुख्यतः मिथेन. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ५ ते १५ असलें कीं एक ठिणगीहि स्फोटाला पुरते. २५ मे १८१२ रोजीं इंग्लंडच्या उत्तर भागांतील फेलिंग येथील खाणींत अशा स्फोटानें ९२ पुरुष व मुलगे मृत्युमुखीं पडले. पुढें १८१५ मध्यें हम्फ्री डेव्ही यांनीं तारेच्या जाळीचा सुरक्षित दिवा तयार केला. ‘ब्लॅकडँप’मध्यें मुख्यतः नायट्रोजन व कार्बन डायऑक्साइड असतात, त्यांत दिवा विझतो आणि माणूस गुदमरतो. स्फोटानंतर मागें उरतो तो ‘आफ्टरडँप’. त्यांतील कार्बन मोनॉक्साइडला रंगहि नाहीं, वासहि नाहीं. स्फोटाच्या आघातांतून वांचलेले अनेक जण याच वायूनें मरतात, हें जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं १८९६ च्या अहवालांत दाखविलें. माणसाआधीं ज्यांना बाधा होते असे कॅनरी पक्षी धोक्याची सूचना मिळावी म्हणून खाणींत नेण्याची पद्धत ब्रिटनमध्यें १९८६ पर्यंत चालली. अशा ठिकाणीं ‘डँप’चें भाषांतर ‘ओल’ असें करणें केवळ हास्यास्पद नव्हे, तर घातक होय.

हा गुदमरविण्याचा अर्थ घरगुती बोलण्यांतहि लपलेला आहे. पियानोच्या तारेचा नाद थांबविणारी लोकरी गादी आणि धुराड्यांतील हवेची ओढ कमी करणारी झडप, या दोहोंना ‘डँपर’ म्हणतात. त्यांत पाण्याचा थेंबहि नाहीं. कोणाच्या उत्साहावर ‘डँपर’ पडला म्हणजे आपल्याकडे विरजण पडतें. इंग्रजींत मात्र पेटलेली आग दडपली जाते.

परक्या भाषेंतील शब्दाला मराठी प्रतिशब्द सांपडला म्हणजे काम संपलें असें नाहीं. तो शब्द कोणत्या माणसांच्या तोंडीं आणि कोणत्या कामांत वावरला, हें पाहिलें तरच त्याची खरी ओळख पटते.