मकतबमधली सावड

मी आसनगावचा. बीटेक, रोज लोकलने जाऊन कोड लिहिणारा. रविवारी सकाळी मकतबमध्ये लहान मुलांना शिकवतो.

आमच्याकडे शेजाऱ्याचा हक्क हा धडा उर्दूत आहे. मुलं घडाघडा म्हणतात. अर्थ विचारला की खाली बघतात. घरात बोली मराठी ना! जुलैत एक मुलगा सलग तीन रविवार आला नाही. मी गैरहजेरी मांडली, वर घरी निरोपही धाडला. नंतर कळलं, तो आईबरोबर शेजारच्या काकांच्या आवणीला जात होता. सावड होती. आज आम्ही तुमच्या खाचरात, उद्या तुम्ही आमच्या, मध्ये पैसा नाही. आणि यंदा काकांचा पाय मोडलेला, म्हणजे परतफेड होणार नाही हे माहीत असूनही हे गेले.

पोरगा धडा चिखलात उभा राहून करत होता, आणि मी लाल शेरा मारत होतो!

पुढच्या रविवारी त्यालाच बोलायला लावलं. राबातून रोपं कशी खणायची, मुठ्या कशा बांधायच्या, काकू भाकरी कशी आधी यांना वाढायची. वर्ग हसत होता, पण ऐकत होता.

एक चाचा चिडले, "दीनच्या तासाला शेती कशाला?" मी म्हटलं, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी १६४५ मध्ये 'योगसंग्राम' मराठी ओव्यांत लिहिला, मनातल्या विकारांशी लढाई शिकवायला. चाचा म्हणाले, "ते संत होते. तू कॉम्प्युटरवाला."

बरोबर आहे. शेरा मात्र मी खोडलाय. त्या तीन रविवारांपुढे काय लिहायचं, ते अजून ठरत नाहीये.