आबांची पत्र्याची पेटी
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आमचे वडील कालकथित आबा यांच्याविषयी चार शब्द बोलावेत, असं समितीने आम्हाला सांगितलं. चाळीत त्यांना सगळे 'फोटोवाले आबा' म्हणत. मुलाने बापाचं गुणगान करणं बरं नव्हे, म्हणून त्यांच्या कामाविषयीच बोलतो.

आबा पोरवयात परळच्या एका स्टुडिओत झाडलोट करायला लागले. कॅमेरा त्यांना कुणी शिकवला नाही. ट्रे धुता धुता, पाण्यात प्रिंट हलवता हलवता ते शिकले. ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहावरून दादर चौपाटीकडे निघाली, तेव्हा आबा एकवीस वर्षांचे होते. हातात मागून आणलेला डबा कॅमेरा आणि एकच रोल, म्हणजे फोटो फक्त आठ. नामदेवराव व्हटकरांनी त्या दिवशी चित्रफीत घेतली, ती आपल्याला माहीत आहे. आबांच्या आठ फोटोंत बाबासाहेब एकातही नाहीत. गॅलरीत पदर तोंडाला लावून उभ्या बाया आहेत, अनवाणी चालणारे कामगार आहेत, बापाच्या खांद्यावर झोपलेलं एक पोर आहे. लोक विचारायचे, "अरे, एवढा जवळ होतास आणि साहेबांचा एक फोटो नाही घेतलास?" आबा म्हणायचे, "साहेबांचे फोटो पुष्कळांकडे आहेत. आपला कुणाकडं हाय?"

खरंच नव्हता. आमच्या पणजोबांचा चेहरा कसा होता, आम्हाला माहीत नाही. तुमच्यापैकी किती जणांना आपल्या पणजीचा चेहरा माहीत आहे? गावकुसाबाहेरच्या माणसाचा फोटो काढायला कोण येणार होतं! मुंबईत आल्यावरही फोटो म्हणजे चैन. त्यामुळे घरात माणूस गेला की आबांना बोलावणं यायचं. त्या माणसाचा तोच पहिला आणि तोच शेवटचा फोटो. मग आबा रात्री बसून बारीक ब्रशने प्रिंटवर मिटलेले डोळे उघडे करायचे. त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आजही इथल्या काही घरांत हार घातलेल्या तसबिरी आहेत, त्यांतले डोळे आबांच्या हातचे आहेत. कुठल्या घरांत, ते आम्ही सांगणार नाही.

खोली १६० फुटांची. रात्री मोरीत लाल बल्ब लागला की आम्ही भावंडं श्वास रोखून बसायचो. कोऱ्या कागदावर आधी केस उमटायचे, मग भुवया, मग माणूस. आई करवादायची, "मोरीत विष कालवून ठेवतोय हा माणूस!" तिच्या खाणावळीवरच घर चालायचं, हेही सांगितलं पाहिजे, आबांच्या फोटोंवर ते कधीच चाललं नसतं. पहाटे चारला नळाला पाणी आलं की आम्हाला उठवून प्रिंट धुवायला लावत. हायपो नीट धुतला गेला नाही तर पुढे फोटो पिवळा पडतो. आमची झोप मोडली, पण साठ-साठ वर्षांचे ते प्रिंट आज काळे-पांढरे खणखणीत आहेत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरणीतली माणसं दुसऱ्या नोकरीचे अर्ज करू लागली. त्यांचे पासपोर्ट फोटो आबांनी उधारीवर काढले. उधारीची वही आमच्याकडे आहे. वसुलीचा रकाना कोराच आहे.

त्यांच्याकडच्या लग्नांच्या फोटोंत धम्मदीक्षा डोळ्यांनी दिसते. १९५९ सालच्या एका फोटोत टेबलावर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी आहेत, पण नवऱ्याच्या कपाळाला बाशिंग आहे! पाच-सहा वर्षांनंतरच्या फोटोंत बाशिंग गेलं, पांढरी वस्त्रं आली. या स्मरणिकेसाठी फोटो निवडताना काही कार्यकर्ते म्हणाले, बाशिंगाचा फोटो नको, लोक हसतील. आमचं मत वेगळं पडलं. शेकडो वर्षांचं ओझं एका दिवसात उतरत नाही. ते कसं कसं उतरलं, हे पोरांना कळायला नको काय? फोटो छापला आहे, पाहून घ्या.

आता मुद्द्याचं. आबांची पत्र्याची पेटी आमच्याकडे आहे. त्यात निगेटिव्हची पाकिटं आहेत, प्रिंट आहेत. पाकिटावर आबा नाव लिहीत नसत. फक्त चाळ नंबर, खोली नंबर आणि साल. त्यांना तेवढं पुरत होतं, सगळी चाळ त्यांना तोंडपाठ होती. पण पुनर्विकासात जुन्या खोल्या जाणार, लॉटरीत ज्याला जो मजला लागेल तिथे तो जाणार. मग 'खोली नंबर ४२' म्हणजे कोण, ते कुणाला कळणार? ज्यांना हे चेहरे ओळखता येतात, ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत.

म्हणून पुढचे चार रविवार सकाळच्या वंदनेनंतर पेटी विहारात उघडी राहील. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून आणा, त्यांचा चष्मा विसरू नका. ज्याची ओळख पटेल त्याचं नाव फोटोच्या मागे लिहायचं आहे. लिहायला मऊ पेन्सिल आणा. पेन नको, पेनची शाई पुढच्या बाजूला उतरते.

जयभीम!