चेंजओव्हर स्विच आणि खांबावरचा लाइनमन



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, सुपारीच्या बागांबरोबर विजेचे खांबही आडवे झाले, आणि कित्येक गावांना दीर्घकाळ अंधारात काढावा लागला. तेव्हा वाडीत एकाकी घर बांधणाऱ्या गृहस्थास लहानसा जनरेटर बाळगणे ही चैन न वाटता निकड वाटावी, हे स्वाभाविकच आहे. तो घराच्या वायरिंगला जोडावा कसा, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय.

सर्रास योजिली जाणारी तजवीज अशी, की दोन्ही टोकांना पिना बसविलेली वायर घेऊन एक टोक जनरेटरात व दुसरे भिंतीवरील सॉकेटात खुपसावयाचे, आणि मेन स्विच आठवणीने बंद केला आहे या भरवशावर दिवे लावावयाचे. ही पद्धत मी सर्वथा निषिद्ध मानतो. भिंतीकडची पिन निसटली तर तिच्या उघड्या पितळावर २३० व्होल्ट खेळत असतात, हा धोका घरच्यांचा. परंतु मेन चालू राहिला, तर प्रवाह मीटर ओलांडून उलट वाटेने गावच्या रोहित्रात शिरतो, आणि ११,००० व्होल्टचा दाब उतरविणारे तेच रोहित्र आता दाब चढवू लागते. शेजारच्या घरांचा भार पडून लहान यंत्र बहुधा बंद पडते, हे खरे. पण वादळात तार कोठे तुटली आणि भार किती उरला, हे घरात बसलेल्यास कसे कळावे? पलीकडे खांबावर चढलेल्या लाइनमनला उपकेंद्र आपल्या पुरवठ्याची हमी देईल. तुमच्या अंगणातल्या यंत्राची हमी ते कोठून देणार?

म्हणून मेन आणि जनरेटर यांच्या दरम्यान चेंजओव्हर स्विच हवाच. त्याची पाती एकाच दांड्यावर बसविलेली असतात. दांडा एका बाजूस मेनला, दुसऱ्या बाजूस जनरेटरला लागतो, मध्यावर दोन्ही तुटतात, आणि दोन्ही एकदम जोडण्याची मुभा ती रचनाच देत नाही. फेजबरोबर न्यूट्रलही बदलणारा स्विच घ्यावा. मात्र पुष्कळ लहान जनरेटरांचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो, आणि मग गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा आरसीसीबी तोडीलच असा भरवसा उरत नाही. सबब अर्थिंगची व्यवस्था लायसनधारक वायरमनकडूनच करून घ्यावी. मजुरी वाचविण्याचे हे ठिकाण नव्हे.

यंत्र कुवतीपेक्षा अधिक राबवू नये; विहिरीचा पंप सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. पावसात ते पडवीत ओढून घेण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसास तो जागेही करीत नाही. खिडक्यांपासून निदान ६ मीटर दूर, चारही बाजूंनी मोकळे, केवळ डोक्यावर छप्पर असलेले ठिकाण त्यासाठी करावे.

वीज परत आली म्हणजे प्रथम घरातील भार उतरवावा, दांडा मध्यावर आणून मग मेनकडे न्यावा, यंत्र काही मिनिटे भाराविना चालवून बंद करावे, आणि ते थंड झाल्यावाचून टाकीत पेट्रोल ओतू नये.