सरकारी नोकरी आणि चारित्र्य पडताळणी
(धामापूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या धामापूरच्या तलावाची आख्यायिका आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. घरात लग्नकार्य निघाले, की गरजवंताने फुलांची परडी पाण्यात सोडावी आणि भगवतीच्या कृपेने ती दागिन्यांनी भरून वर यावी. कार्य उरकताच ते दागिने परत करावे. पुढे कोणा एकाने ते लपवून ठेवले आणि परडी कायमची रिकामी राहिली. मला आज या लपविण्याविषयीच दोन शब्द बोलावयाचे आहेत.

आपली मुले पोलीस, सैन्य, नौदल आणि गोपनीय कामाच्या कचेऱ्या यांकडे वळत आहेत, ही अभिमानाची गोष्ट होय. निवड झाल्यावर उमेदवाराकडून साक्षांकन नमुना भरून घेतात. अटक झाली होती काय, खटला भरला होता काय, दंड वा शिक्षा झाली काय, एखादे प्रकरण चालू आहे काय, असे प्रश्न त्यात असतात. ही उत्तरे पुढे पोलीस ठाण्याच्या दप्तराशी ताडून पाहिली जातात.

घात होतो तो येथेच. बांधाचा तंटा असो वा शिमग्यातील मानापमान. रागाच्या भरात फिर्यादीत भावकीतील सगळ्या पोरांची नावे घातली जातात. पुढे तडजोड होते, दोन्ही घरे एका पंगतीस बसतात. परंतु दप्तरातील नाव तसेच राहते. मुलगा नमुना भरावयास बसला, की वडील सांगतात, "लिहू नको रे, मिटले ते मिटले." हा सल्ला मायेचा खरा, पण घातक!

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली याविषयीचे दंडक घालून दिले. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुणपणातील क्षुल्लक प्रकरण लपविले असल्यास सरकार ते क्षम्य मानू शकते. गंभीर प्रकरण लपविल्यास नेमणूक रद्द होऊ शकते. पद जितके मोठे, तितकी कसोटी कठोर. मात्र सत्य सांगितले म्हणजे नोकरी मिळालीच, असेही नाही. संशयाचा फायदा मिळून झालेली सुटका आणि सन्मानपूर्वक सुटका यांत न्यायालये भेद करतात.

कायदा निर्दय नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे अजाणत्या वयातील अपराधामुळे सामान्यतः अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील मुलाचा खटला अघोर गुन्ह्याबद्दल प्रौढाप्रमाणे चालला, तर गोष्ट वेगळी. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटलेल्यास शिक्षेची अपात्रता चिकटत नाही, जरी मूळ वर्तनाचा विचार करण्याचा अधिकार सरकारला उरतो.

तेव्हा माझी विनंती तरुणांपेक्षा वडिलांनाच अधिक आहे. फिर्याद देण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्या. जे पोर तंट्याच्या जागी नव्हतेच, त्याचे नाव, ते शत्रूच्या घरचे असले तरी, घालू नका. प्रकरण मिटले तर न्यायालयाच्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल जपून ठेवा आणि नमुन्यात जे घडले ते तारखेनिशी लिहू द्या.

विश्वासाने मिळालेले विश्वासानेच टिकते. आपल्या मुलांची परडी आपल्याच हातून रिकामी न होवो, अशी भगवतीचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.