निकालानंतरचा आठवडा
(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात नेरूळ येथे केलेले भाषण)



आज येथे यशस्वी मुलांचा सत्कार झाला, तो योग्यच झाला. परंतु ज्यांची नावे पुकारली गेली नाहीत, त्यांच्याविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही चिटणीसांकडून मुद्दाम मागून घेतली आहे. अशा मंगल प्रसंगी विषय अशुभ वाटेल; पण तो टाळण्याजोगा उरलेला नाही. २०२२ साली भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांतील १,७६४ महाराष्ट्रातील होते, आणि हा आकडा सर्व राज्यांत मोठा होता, अशी सरकारी नोंद आहे.

'नापास झाला म्हणून' असे लोक चटकन म्हणतात. आम्हांस ते उत्तर अपुरे वाटते. नापास तर हजारो होतात. परीक्षा हे बहुधा निमित्त असते. ओझे आधीच साचलेले असते. दीर्घकाळचा विषाद, घरातील कलह, बापाची दारू, मारहाण, जवळच्या माणसाचा वियोग, सोबत्यांची हेटाळणी, प्रेमभंग, यांतील दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे धोका वाढतो. ज्याने पूर्वी एकदा असा प्रयत्न केला असेल, त्याला तर सर्वांत अधिक जपावे लागते. 'नुसती भीती घातली' म्हणून त्याची थट्टा करणारे नातलग आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या अविचाराला काय म्हणावे!

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे मुंबईच्या चाळींतून या नव्या नगरीतील सदनिकांत आली. चाळीत मूल रडले तर शेजारणीला आधी कळे. (चाळीत चहाड्याही पुष्कळ चालत, हे आम्ही विसरलेलो नाही.) येथे दार लागले की कोणास काही कळत नाही. म्हणून मूल अबोल झाले, त्याची झोप उडाली, आवडत्या वस्तू ते वाटून टाकू लागले, 'मी नसलो तर बरे' असे बोलू लागले, तर जवळ बसून स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा समज खोटा आहे. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, डॉक्टरांकडे न्यावे. शासनाचा १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी अहोरात्र चालू असतो. पोलिसांच्या धास्तीने गोष्ट लपवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची शुश्रूषा हे सरकारचे कर्तव्य आहे.

दहावीला अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी २०१५ पासून त्याच वर्षी फेरपरीक्षेची सोय आहे. हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते. तेव्हा आमची सूचना अशी की, निकालाच्या आठवड्यात मंडळाच्या दोघा-दोघांनी अशा घरी जावे, चहा घ्यावा, गुणांची चौकशी करू नये. वाशी, बेलापूर व पनवेल विभागांसाठी नावे चिटणीसांपाशी आजच द्यावीत. नेरूळसाठी आमचे नाव लिहून घ्यावे.