लामणदिव्याचा बस्तरी भाऊ

रायपूरहून जगदलपूरला जाणारा महामार्ग अभनपूरवरून जातो. त्याच वाटेवर पुढे कोंडागाव लागतं, बस्तरच्या लोहशिल्पाचं गाव. तिथले लोहार लोखंड भट्टीत लाल करतात आणि हातोड्यानं ठोकून दिवे घडवतात. साचा लागत नाही. टांगत्या दिव्याला ते ‘लामन दिया’ म्हणतात. आपल्या लामणदिव्याचा भाऊच म्हणा ना!

आता तेलाच्या वाटीच्या जागी बल्बचा होल्डर आला, आणि लोखंडी पानापाखरांच्या सावल्या दिवाणखान्याच्या भिंतीवर उतरल्या. असा दिवा लावाल तर २७०० केल्विनचा पिवळसर एलईडी निवडा. लोखंडी सांगाड्याला अर्थिंग जरूर द्या. पुसायला कोरडंच फडकं घ्या. ओल लागली की गंज चढलाच.